पिंग जात नाही तेव्हा: लिनक्स सर्व्हर आणि ओपन सोर्स स्विचवरचा नेटवर्क बिघाड कसा शोधावा

"सर्व्हरला पिंग जात नाही" एवढीच तक्रार हातात येते आणि कारण मात्र कुठेही असू शकतं. केबल सैल असेल, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेला वेगळा आभासी नेटवर्क-गट) चुकला असेल, फायरवॉल पॅकेट अडवत असेल, किंवा पॅकेट नीट पोचून त्याचं उत्तर भलत्याच वाटेने परत निघालं असेल. अशा वेळी हात आपोआप कॉन्फिगरेशनच्या फाईलकडे जातो आणि तीच फाईल पुन्हा पुन्हा वाचली जाते. ही सवय मोडावी असं मला कळकळीनं सांगायचं आहे. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रात एकाच सेटिंगच्या वेगवेगळ्या प्रती असतात: एक फाईलमध्ये लिहिलेली, दुसरी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, प्रत्यक्ष चालू असलेली, आणि स्विच असेल तर तिसरी त्याच्या चिपमध्ये उतरलेली. फाईलवरून फक्त काय ठरलं होतं ते कळतं. या प्रती जिथे एकमेकींशी जुळत नाहीत तिथेच बहुतेक बिघाड सापडतात. म्हणून पुढची सगळी तपासणी खालून वर आणि चालू स्थिती बघत जाते.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाकायच्या.

हात लावण्याआधी

ज्या नेटवर्कवरून तुम्ही सर्व्हरवर लॉगिन केलं आहे तेच नेटवर्क दुरुस्त करायचं असेल, तर एक चुकीची ओळ तुम्हाला बाहेर काढू शकते. म्हणून दुसरी वाट आधी तपासून ठेवा. सर्व्हरला आयपीएमआय किंवा बीएमसीचा कन्सोल (चालू प्रणालीवर न विसंबता सर्व्हर दुरून हाताळण्याची सोय) असतो, स्विचला सिरियल पोर्ट असतो. तो चालतो का, पासवर्ड माहीत आहे का, बॉड रेट (सिरियल जोडणीचा वेग) ११५२०० आहे की ९६००, हे बिघाड वाढल्यावर शोधत बसू नये.

मग सध्याची स्थिती एका फाईलमध्ये उतरवून ठेवा: 'आयपी ॲड्रेस', 'आयपी राउट', 'आयपी रूल', 'ब्रिज व्हीलॅन शो' आणि 'एनएफटी लिस्ट रूलसेट' यांचं आउटपुट पुरेसं आहे. बिघडलेली असली तरी ही स्थिती मोलाची असते. दोन बदल केल्यानंतर मुळात काय होतं ते कुणालाच आठवत नाही.

आपोआप माघार घेण्याची सोय करून ठेवणं उत्तम. उबुंटूवर 'नेटप्लॅन ट्राय' नवी सेटिंग लावतं आणि १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबलं नाही तर जुनी परत आणतं. इतर ठिकाणी 'सिस्टमडी-रन' कमांडला ऑन-ॲक्टिव्ह हा पर्याय देऊन पाच मिनिटांनी जुनी फाईल परत लावणारा टायमर ठेवता येतो. बदल पटला की तो टायमर आठवणीनं बंद करा, नाहीतर चांगली सेटिंग तुमच्या डोळ्यांदेखत मागे जाईल.

तक्रारीचे शब्द नीट वाचा

"कनेक्ट होत नाही" यापेक्षा एररचा मजकूर कितीतरी जास्त सांगतो. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुतेक वेळा पॅकेट पोचलं आणि उत्तरही परत आलं. म्हणजे केबल, व्हीलॅन आणि राउटिंग यांच्या मागे लागू नका. त्या पोर्टवर सेवा ऐकत नाही, किंवा फायरवॉल टीसीपी रिसेट पाठवून नकार देतोय. सर्व्हरवर 'एसएस -टीएलएनपी' चालवा. सेवा १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर ती फक्त त्याच यंत्राला दिसते, बाहेरून कुणालाही नाही. हे एकच कारण फार वेळा निघतं.

'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणजे पॅकेट किंवा त्याचं उत्तर वाटेत गायब झालं. 'नो राउट टू होस्ट' फसवं आहे. नावावरून राउटिंग तुटल्यासारखं वाटतं, पण स्थानिक नेटवर्कवर एआरपीला (आयपी पत्त्यावरून मॅक, म्हणजे कार्डाचा हार्डवेअर पत्ता, विचारणाऱ्या प्रश्नाला) उत्तर मिळालं नाही तरी हाच मजकूर येतो. फायरवॉलडीसारखा फायरवॉल 'ॲडमिन प्रोहिबिटेड' प्रकारचा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा प्रोटोकॉल) नकार पाठवतो तेव्हाही हेच दिसतं.

लिंक खरोखर आहे का

'आयपी -बीआर लिंक' ही कमांड प्रत्येक इंटरफेसची एक ओळ देते. तिथे 'नो-कॅरिअर' दिसलं तर प्रश्न केबल, मॉड्यूल किंवा समोरच्या पोर्टचा आहे. 'लोअर अप' दिसलं तर विद्युत पातळीवर लिंक जुळली आहे. नुसता 'अप' हा शब्द पुरेसा नाही, कारण तो इंटरफेस प्रशासकानं चालू केला आहे एवढंच सांगतो.

पुढे 'इथटूल' आणि इंटरफेसचं नाव. वेग, डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी पाठवता येतं की आळीपाळीनं) आणि ऑटो-निगोशिएशन (दोन्ही बाजूंनी हे आपसात ठरवणं) बघा. १०० मेगाबिटच्या जुन्या पोर्टवर एका बाजूला फुल डुप्लेक्स पक्कं बसवलं आणि दुसरी बाजू ऑटोवर ठेवली, तर ऑटोवाली बाजू हाफ डुप्लेक्स धरते. पिंग जातं, पण मोठी फाईल पाठवली की वेग कोसळतो. हाफ बाजूला लेट कोलिजन वाढतात, फुल बाजूला सीआरसी एरर. तांब्याच्या गिगाबिट लिंकवर तर ऑटो-निगोशिएशन प्रमाणातच अनिवार्य आहे, त्यामुळे ते बंद करू नका.

२५ आणि १०० गिगाबिटच्या लिंकवर वेगळाच प्रकार होतो. केबल ठीक, वेग जुळलेला, तरी लिंक येत नाही. तिथे एफईसी, म्हणजे चुका दुरुस्त करण्याची पद्धत, दोन्ही बाजूंना एकच आहे का ते 'इथटूल --शो-एफईसी' नं तपासा. एका बाजूला आरएस आणि दुसऱ्या बाजूला फायरकोड असेल तर लिंक जुळणारच नाही. फायबर असेल तर 'इथटूल -एम' मॉड्यूलला मिळणाऱ्या प्रकाशाची पातळी दाखवतं. ती अगदीच खाली असेल तर कनेक्टर साफ करून बघा.

समोर नेमका कोणता पोर्ट आहे हे लेबलवरून ठरवू नका, एलएलडीपीला (जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना ओळख सांगण्याच्या प्रोटोकॉलला) विचारा. 'एलएलडीपीसीटीएल' शेजाऱ्याचं नाव आणि पोर्ट सांगतं. साधारण ३० सेकंदांत माहिती येते. इंटेलच्या एक्स७१० मालिकेतल्या कार्डांवर शेजारी दिसत नसेल तर कार्डाचं फर्मवेअर एलएलडीपीची पॅकेटं स्वतःच घेऊन टाकत असतं. 'इथटूल'च्या प्रायव्हेट फ्लॅगमधून ते बंद करावं लागतं.

इंटरफेसचा मालक कोण

लिनक्समध्ये नेटवर्क सांभाळणाऱ्या यंत्रणा अनेक आहेत: नेटवर्कमॅनेजर, सिस्टमडी-नेटवर्कडी, डेबियनची इफअपडाउन आणि तिची नवी आवृत्ती इफअपडाउन२. उबुंटूमधला नेटप्लॅन स्वतः काही चालवत नाही. तो पहिल्या दोनांपैकी एकाला काम सोपवतो. एकाच इंटरफेसवर दोन यंत्रणांनी हक्क सांगितला की पत्ता कधी येतो, कधी जातो, आणि रीबूटनंतर निराळाच असतो. 'एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस' आणि 'नेटवर्कसीटीएल' दोन्ही चालवून बघा. एका ठिकाणी इंटरफेस 'अनमॅनेज्ड' दिसायलाच हवा.

आता फाईल आणि कर्नल यांची तुलना. नेटप्लॅनच्या फोल्डरमध्ये एकापेक्षा जास्त फाईली असतील तर त्या नावाच्या क्रमाने एकत्र केल्या जातात. नंतरची फाईल आधीच्या किमती बदलते, पण पत्त्यांच्या याद्या मात्र जोडल्या जातात. त्यामुळे जुन्या फाईलमधला पत्ता नव्या फाईलमुळे जात नाही, दोन्ही लागतात. 'नेटप्लॅन गेट' एकत्र झालेलं चित्र दाखवतं. एकेक फाईल वाचण्यापेक्षा तेच वाचा. क्लाउड-इनिट (क्लाउडवरच्या यंत्राची सुरुवातीची सेटिंग करणारा प्रोग्रॅम) ५० या आकड्यानं सुरू होणारी आपली फाईल लिहितं आणि तुम्ही हातानं केलेला बदल पुसू शकतं. ते नको असेल तर क्लाउड-इनिटच्या सेटिंगमध्ये नेटवर्कचा भाग बंद करावा लागतो.

नेटवर्कमॅनेजरमध्ये 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय' केलं की फक्त प्रोफाइल बदलतं. चालू इंटरफेसवर ते लावायला 'कनेक्शन अप' किंवा 'डिव्हाइस रीअप्लाय' लागतं. "बदललं तरी फरक पडला नाही" या तक्रारींमागे बऱ्याचदा एवढंच असतं. रेड हॅटच्या ९ व्या आवृत्तीपासून नवी प्रोफाइलं कीफाईल स्वरूपात जातात. जुन्या आयएफसीएफजी फाईलींच्या जागी नवं काही शोधत असाल तर सिस्टम-कनेक्शन्स फोल्डरमध्ये बघा.

या बाबतीत इफअपडाउन२ मला सगळ्यात आवडतं. क्युम्युलस लिनक्ससाठी ते तयार झालं आणि आज प्रॉक्समॉक्सही तेच वापरतं. त्यात 'इफक्वेरी -ए --चेक' अशी कमांड आहे. फाईलमधली प्रत्येक ओळ ती कर्नलमधल्या स्थितीशी ताडून बघते आणि पास किंवा फेल सांगते. साध्या इफअपडाउनमध्ये अशी सोय नाही. तिथे फाईल आधी बदलून मग सेवा रीस्टार्ट केली, तर जुना पत्ता काढायचा आहे हे त्याला कळतच नाही आणि तो इंटरफेसवर चिकटून राहतो. 'आयपी ॲड्रेस' मध्ये अनोळखी पत्ता दिसला तर हे आठवा.

इंटरफेसचं नावही बदलू शकतं. सर्व्हरमध्ये नवं कार्ड बसवलं की पीसीआय क्रमांक सरकतात, काल ईएनपी३एस० असलेलं आज ईएनपी४एस० होतं, आणि फाईल जुन्या नावाची वाट बघत बसते. महत्त्वाच्या सर्व्हरवर मॅक पत्त्यावरून नाव पक्कं करणारी लिंक फाईल ठेवावी.

व्हीलॅन आणि ब्रिज: इथे वेळ द्या

सगळ्यात चिवट बिघाड याच पायरीवर निघतात, म्हणून थोडं थांबून समजून घेऊ. ८०२.१क्यू टॅग ४ बाइटचा असतो, त्यातला व्हीलॅन क्रमांक १२ बिटांचा. वापरायला १ ते ४०९४ मिळतात. प्रत्येक पोर्टवर दोन वेगळे निर्णय होतात. बिनटॅगचं पॅकेट आत आलं तर ते कोणत्या व्हीलॅनचं मानायचं, हे पीव्हीआयडी ठरवतं. पॅकेट बाहेर जाताना टॅग काढायचा की ठेवायचा, हे 'एग्रेस अनटॅग्ड' ठरवतं. हे दोन्ही एकच आहेत असं धरून चालणं ही नेहमीची चूक.

एक उदाहरण जवळून बघू. सर्व्हर १९२.०.२.१० आणि १९२.०.२.२० एकाच स्विचवर, दोघांना व्हीलॅन २० हवा. पहिल्याच्या पोर्टवर पीव्हीआयडी २० आहे, पण 'एग्रेस अनटॅग्ड' राहून गेलं. पहिला सर्व्हर एआरपी विचारतो, "१९२.०.२.२० कुणाकडे आहे?" प्रश्न व्हीलॅन २० मध्ये जातो, दुसऱ्याला मिळतो, तो उत्तर देतो. उत्तर पहिल्याच्या पोर्टमधून बाहेर पडतं ते २० चा टॅग घेऊन. सर्व्हरवर व्हीलॅन २० चा इंटरफेसच नाही, म्हणून कर्नल ते टाकून देतं. आता पहिल्या सर्व्हरवर साधं 'टीसीपीडम्प -एन एआरपी' लावलं तर उत्तर येताना स्पष्ट दिसतं, आणि तरी 'आयपी नेबर' मध्ये नोंद 'इनकम्प्लीट' किंवा 'फेल्ड' राहते! माणूस चक्रावून जातो. टीसीपीडम्पला '-ई' पर्याय दिला की त्याच ओळीत 'व्हीलॅन २०' उमटतं आणि कोडं सुटतं. म्हणून स्थानिक नेटवर्कचा माग काढताना '-ई' कायम लावावं.

लिनक्स ब्रिज (कर्नलमधला सॉफ्टवेअर स्विच) वापरत असाल तर आधी 'आयपी -डी लिंक शो' मध्ये 'व्हीलॅन फिल्टरिंग' ० आहे की १ ते बघा. ते ० असेल तर 'ब्रिज व्हीलॅन शो' मध्ये दिसणाऱ्या नोंदींचा काहीही परिणाम होत नाही. टॅग जसेच्या तसे आरपार जातात. फिल्टरिंग चालू केलं की प्रत्येक पोर्ट मुळात व्हीलॅन १ मध्ये असतो. दुसरी मेख अशी: पोर्टांवर व्हीलॅन २० जोडला तरी ब्रिज स्वतः त्या व्हीलॅनचा सदस्य होत नाही. त्या यंत्राला स्वतःला व्हीलॅन २० मध्ये आयपी पत्ता हवा असेल तर 'ब्रिज व्हीलॅन ॲड' करताना ब्रिजचं नाव आणि शेवटी 'सेल्फ' असं द्यावं लागतं. हे राहिलं तर बाकी सगळी यंत्रं एकमेकांशी बोलतात, फक्त ब्रिज ज्यावर आहे ते यंत्र गप्प.

मॅक पत्ता कुठे शिकला गेला आहे ते 'ब्रिज एफडीबी शो' सांगतं. एकच मॅक सतत दोन पोर्टांमध्ये उड्या मारत असेल, किंवा कर्नलच्या लॉगमध्ये स्वतःचाच पत्ता असलेलं पॅकेट बाहेरून आल्याची तक्रार असेल, तर कुठेतरी लूप झाला आहे. याउलट पोर्ट चालू झाल्यावर अर्धा मिनिट काहीच चालत नसेल आणि बूटच्या वेळी डीएचसीपी फसत असेल, तर तो स्पॅनिंग ट्रीचा (लूप टाळणाऱ्या प्रोटोकॉलचा) १५ अधिक १५ सेकंदांचा थांबा असतो. सर्व्हरकडे जाणारे पोर्ट एज पोर्ट म्हणून ठरवा.

ओपन व्हीस्विच (ओव्हीएस) या दुसऱ्या सॉफ्टवेअर स्विचवर चित्र वेगळं. 'ओव्हीएस-व्हीएसटीसीएल शो' मध्ये पोर्टाखाली 'नो सच डिव्हाइस' अशी एरर असेल तर डेटाबेसमध्ये पोर्ट आहे, कर्नलमध्ये नाही. तिथेच 'फेल मोड: सिक्युअर' दिसलं आणि कंट्रोलर जोडलेला नसेल, तर फ्लो (पॅकेटचं काय करायचं ते सांगणारे नियम) नसलेला ब्रिज एकही पॅकेट पुढे पाठवत नाही. एखादं पॅकेट नेमकं कुठल्या नियमानं पडलं हे 'ओएफप्रोटो/ट्रेस' पायरीपायरीनं सांगतं. ओव्हीएसमधली ही सोय फार गुणी आहे, आणि ती पुरेशी वापरली जात नाही.

बाँड अर्धाच चालतो तेव्हा

बाँड म्हणजे अनेक केबली एकत्र धरून केलेली एकच लिंक, आणि एलएसीपी म्हणजे ती दोन्ही टोकांनी आपसात ठरवण्याचा प्रोटोकॉल. एलएसीपी बाँडची खरी स्थिती प्रोक फोल्डरमधल्या बाँडिंगच्या फाईलमध्ये असते. तिथे 'पार्टनर मॅक ॲड्रेस' सगळी शून्यं दाखवत असेल तर समोरचा स्विच एलएसीपी बोलतच नाही. तिथे पोर्ट ग्रुपमध्ये घातलेला नाही किंवा ग्रुप स्थिर प्रकारचा आहे. मग प्रत्येक केबलचा 'ॲग्रिगेटर आयडी' बघा. दोन केबलींचे आयडी वेगळे असतील तर त्या दोन वेगळ्या ग्रुपांमध्ये पडल्या आहेत आणि त्यातला एकच चालू आहे. केबल चुकीच्या स्विचमध्ये गेली की हेच होतं.

"दोन १० गिगाबिटच्या केबली आहेत, तरी एका कॉपीला १० च्या वर वेग मिळत नाही" हा मात्र बिघाड नव्हे. एक प्रवाह एकाच केबलीवरून जातो. अनेक प्रवाह असूनही एकच केबल भरत असेल तर हॅश धोरण 'लेअर२' वरून 'लेअर३+४' करून बघा.

पत्ता, शेजारी, वाट

'आयपी नेबर' मध्ये 'स्टेल' दिसलं म्हणून घाबरू नका, ती साधी स्थिती आहे. 'फेल्ड' असेल तर काळजी करा. एकच पत्ता दोन यंत्रांवर असल्याची शंका असेल तर 'एआरपिंग -डी' विचारून खात्री देतं. नेटमास्क चुकला असेल तर लक्षण ओळखू येतं. /२४ ऐवजी /१६ लिहिलं की सर्व्हर दूरच्या यंत्रांनाही शेजारी समजतो, त्यांच्यासाठी गेटवेकडे न जाता थेट एआरपी ओरडत राहतो, आणि फक्त काही नेटवर्क पोचत नाहीत.

राउटिंगचा तक्ता डोळ्यांनी वाचून अंदाज बांधण्यापेक्षा 'आयपी राउट गेट' आणि समोरचा पत्ता द्या. कर्नल कोणती वाट, कोणता इंटरफेस आणि कोणता सोर्स पत्ता निवडेल ते एका ओळीत मिळतं.

दोन नेटवर्क कार्डं असलेल्या सर्व्हरवर उत्तर परतण्याची वाट आवर्जून तपासा. पॅकेट एका कार्डावर आलं आणि डीफॉल्ट गेटवे दुसऱ्या कार्डावर असेल, तर उत्तर दुसरीकडून निघतं आणि वाटेतला फायरवॉल ते टाकतो. शिवाय कर्नलचा 'आरपी फिल्टर' (उत्तराची वाट त्याच इंटरफेसवरून जाते का ते बघणारी तपासणी) १ वर असेल तर असं पॅकेट आत येतानाच गळतं. ही किंमत 'ऑल' आणि त्या इंटरफेसची, दोन्हींपैकी मोठी असेल ती लागू होते. म्हणून एकाच ठिकाणी ० करून उपयोग नाही. पॅकेटं खरंच यामुळे पडताहेत का हे 'एनस्टॅट -एझेड' मधल्या 'आयपी रिव्हर्स पाथ फिल्टर' या काउंटरवरून कळतं. दुरुस्ती म्हणून फिल्टर २ वर, म्हणजे सैल ठेवता येतो. पण खरा इलाज 'आयपी रूल' वापरून प्रत्येक सोर्स पत्त्यासाठी वेगळा राउटिंग तक्ता देणं हाच आहे.

फायरवॉल: बंद करून बघू नका, माग काढा

फायरवॉल पूर्ण बंद करून चाचणी घेणं धोक्याचं तर आहेच, शिवाय दिशाभूल करणारंही, कारण त्याच बरोबर नॅटचे (पॅकेटावरचे पत्ते बदलणारे) नियमही जातात आणि बिघाडाचं रूपच बदलतं. 'एनएफटी लिस्ट रूलसेट' पूर्ण वाचा. एनएफटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, एकाच हुकवर (पॅकेटच्या प्रवासातल्या एका टप्प्यावर) अनेक चेन (नियमांच्या याद्या) असू शकतात, आणि एका चेनमध्ये 'ॲक्सेप्ट' मिळालं तरी पुढच्या चेनमध्ये पॅकेट पडू शकतं. 'ड्रॉप' अंतिम असतो, 'ॲक्सेप्ट' नसतो. आपला नियम डोळ्यांसमोर असून पॅकेट का पडतं याचं उत्तर इथे मिळतं. जुन्या पद्धतीच्या आयपीटेबल्सचे नियम या यादीत येत नाहीत, तेव्हा 'आयपीटेबल्स-लेगसी-सेव्ह' ही बघा.

माग काढायचा तर प्रीराउटिंगला ठरावीक सोर्स पत्त्यासाठी 'मेटा एनएफट्रेस सेट १' हा नियम घाला आणि 'एनएफटी मॉनिटर ट्रेस' चालवा. पॅकेट कोणकोणत्या नियमांतून गेलं आणि कुठे अडलं ते ओळीनं दिसतं. डॉकर बसवलेल्या यंत्रावर फॉरवर्ड चेनचं धोरण 'ड्रॉप' होतं, आणि 'बीआर नेटफिल्टर' मॉड्यूल चढलेलं असेल तर ब्रिजमधून जाणारी पॅकेटंही तिथे येतात. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सर्व्हरवर डॉकर टाकल्यावर मशिनींचं नेटवर्क बंद पडतं ते यामुळे. कर्नलच्या लॉगमध्ये 'कॉनट्रॅक टेबल फुल' (चालू कनेक्शनांच्या नोंदींचा तक्ता भरला) दिसत असेल तर नियम निर्दोष आहेत, तक्ता लहान पडतोय.

टीसीपीडम्पबद्दल दोन गोष्टी. आत येणारं पॅकेट त्याला फायरवॉलच्या आधी दिसतं आणि बाहेर जाणारं नंतर. म्हणजे आत येताना दिसलं याचा अर्थ ते सेवेपर्यंत पोचलं असा नाही. दुसरी: टीसीपीडम्प चालू असेपर्यंत सगळं सुरळीत आणि बंद केल्याबरोबर ठप्प, असं झालं तर ते मोलाचं लक्षण समजा. टीसीपीडम्प कार्डाला प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये नेतं. म्हणजे पॅकेटावरचा मॅक पत्ता कार्डाच्या मॅकशी जुळत नाही आणि एरवी कार्ड ते टाकून देतं. '-पी' लावून पुन्हा बघा.

छोटं जातं, मोठं अडकतं

पिंग चालतं, एसएसएचचं कनेक्शन सुरू होतं आणि मग गोठतं. वेबपान अर्धवट येतं. हे एमटीयूचं, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराच्या मर्यादेचं, लक्षण. चाचणी सोपी आहे: 'पिंग -एम डू -एस १४७२'. त्यात आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट मिळवले की १५०० होतात. जंबो फ्रेमसाठी ९००० मधून तेच २८ वजा करून ८९७२ घ्या. 'मेसेज टू लाँग' लगेच आलं तर मर्यादा तुमच्याच इंटरफेसची किंवा कर्नलनं आधीच शिकून ठेवलेली. काहीच न येता पॅकेट हरवलं तर मर्यादा वाटेत कुठेतरी आहे. वाटेत राउटर असेल तर त्यानं "तुकडे करावे लागतील" असा आयसीएमपी संदेश पाठवायला हवा. तोच फायरवॉलनं अडवलेला असतो. पण वाटेत नुसता लेअर २ स्विच असेल तर तो कुणालाही काही न कळवता मोठी फ्रेम टाकून देतो. म्हणून सर्व्हरवर ९००० करण्याआधी वाटेतला प्रत्येक पोर्ट तपासा.

व्हीएक्सलॅनमध्ये (इथरनेट फ्रेम यूडीपी पॅकेटात गुंडाळून नेण्याच्या पद्धतीत) मूळ फ्रेमवर ५० बाइट चढतात: आतला इथरनेट हेडर १४, व्हीएक्सलॅन ८, यूडीपी ८, आयपी २०. म्हणजे खालचं नेटवर्क १५०० चं असेल तर आत १४५० च ठेवावे लागतात. आणि व्हीएक्सलॅन मुळीच जुळत नसेल तर पोर्ट बघा. प्रमाणित यूडीपी पोर्ट ४७८९ आहे, पण लिनक्स कर्नल काहीच न सांगितल्यास ८४७२ धरतो.

स्विचमधली तिसरी प्रत

सॉनिक ही स्विचसाठीची ओपन सोर्स प्रणाली मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये पुढे आणली आणि २०२२ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनकडे गेली. तिच्यात सेटिंगचा प्रवास लांब आहे. 'कॉन्फिग' कमांड रेडिस या डेटाबेसमधल्या कॉन्फिग डीबीत लिहिते, तिथून माहिती ॲप डीबीत, मग ऑर्कएजंट हा प्रोग्रॅम ती एसिक (म्हणजे चिप) डीबीत नेतो, आणि सिंकडी ती साई या लायब्ररीमार्फत चिपला सांगतो. वाटेतला एखादा कंटेनर पडला की वरची सेटिंग बरोबर दिसते आणि चिप जुन्याच स्थितीत राहते. 'डॉकर पीएस' मध्ये एसडब्ल्यूएसएस आणि सिंकडी चालू आहेत का, किती वेळापासून, हे आधी बघा.

राउटचं उदाहरण घ्या. एफआरआर या राउटिंग सॉफ्टवेअरच्या 'शो आयपी राउट' मध्ये चांदणीचं चिन्ह असेल तर राउट पुढे उतरवला गेला. 'क्यू' असेल तर रांगेत आहे, 'आर' असेल तर नाकारला गेला. मग 'आयपी राउट' नं कर्नलमध्ये आणि नंतर एसिक डीबीत तोच प्रीफिक्स शोधा. पहिल्या दोन ठिकाणी आहे आणि चिपमध्ये नाही, असं असेल तर 'सीआरएम शो रिसोर्सेस ऑल' बघा. चिपचा तक्ता भरला असेल.

स्विचवर टीसीपीडम्प लावून दोन सर्व्हरमधली पॅकेटं दिसत नाहीत म्हणून "ट्रॅफिक येतच नाही" असं ठरवू नका. ती पॅकेटं चिपमध्येच वळतात, प्रोसेसरपर्यंत येत नाहीत. तिथे एआरपी, एलएलडीपी, एलएसीपी, बीजीपी (राउटरांनी एकमेकांना वाटा सांगण्याचा प्रोटोकॉल) अशी नियंत्रणाचीच पॅकेटं दिसतात. खरं ट्रॅफिक 'शो इंटरफेसेस काउंटर्स' मध्ये मोजा, किंवा मिरर सेशन लावून दुसऱ्या पोर्टवर बघा.

ओपनडब्ल्यूआरटी या राउटरांसाठीच्या लिनक्सवरही प्रती वेगळ्या असतात. 'यूसीआय सेट' केलेलं 'कमिट' होईपर्यंत बाजूला पडून असतं. 'यूसीआय चेंजेस' ते दाखवतं.

एफआरआरबद्दल थोडक्यात. बीजीपीत 'ॲक्टिव्ह' म्हणजे चालू नव्हे, अजून जोडणीचा प्रयत्न सुरू आहे. टीसीपी पोर्ट १७९ उघडा आहे का बघा. सेशन जुळलं पण एकही राउट येत नसेल आणि तिथे 'पॉलिसी' असा शब्द दिसत असेल, तर नव्या आवृत्त्यांमध्ये बाहेरच्या शेजाऱ्यासाठी राउट-मॅप (कोणते राउट घ्यायचे आणि द्यायचे याचे नियम) लावणं बंधनकारक आहे हे लक्षात घ्या. ओएसपीएफ (राउटिंगचा आणखी एक प्रोटोकॉल) 'एक्सस्टार्ट' वर अडकलं की दोन्ही टोकांचा एमटीयू ताडून बघा.

नाव सापडत नाही

पत्त्यानं चालतं आणि नावानं नाही, तेव्हाच डीएनएसकडे या. 'डिग' थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं, होस्ट्स फाईल बघत नाही. प्रोग्रॅमना जे उत्तर मिळतं ते 'गेटएंट होस्ट्स' दाखवतं. दोघांत फरक असेल तर होस्ट्स किंवा एनएसस्विच फाईल तपासा. रिझॉल्व्ह फाईलमध्ये १२७.०.०.५३ दिसलं तर ते सिस्टमडी-रिझॉल्व्हडीचं आहे. खरे सर्व्हर 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' मध्ये असतात.

दुरुस्ती टिकवणं

'आयपी' कमांडनं केलेला बदल कर्नलपुरता असतो, रीबूटनंतर जातो. सॉनिकवर 'कॉन्फिग सेव्ह' केलं नाही तर तेच होतं. म्हणून दुरुस्ती सापडल्यावर ती योग्य यंत्रणेच्या फाईलमध्ये लिहा, आणि शक्य असेल तेव्हा ठरवून एक रीबूट करून घ्या. सॉनिकवर 'कॉन्फिग रीलोड' सेवा पुन्हा सुरू करतं आणि ट्रॅफिक तुटतं, तेव्हा ते कामाच्या वेळात चालवू नका. चाचणीसाठी घातलेला एनएफट्रेसचा नियम, सैल केलेला आरपी फिल्टर आणि मिरर सेशन जाण्याआधी काढून टाका; मिरर सेशन विसरलं तर त्या पोर्टवर दुसऱ्याचं ट्रॅफिक ओतलं जात राहतं.